खुंटीवरचा मृदंग

आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर आठवा विषय होता : ‘रंगकाम करणाऱ्या कामगारांच्या रात्रीच्या गोंगाटाबाबत’. पाण्याची टाकी, लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट, पार्किंगमधले कुत्रे असे पहिले सात विषय होईतो साडेबारा वाजले. मंडळींना जेवणाची घाई झाली होती आणि आठवा विषय पाच मिनिटांत उरकेल अशीच सगळ्यांची कल्पना होती. इमारतीला बाहेरून गिलावा आणि रंग देण्याचं काम चार महिने चाललं आहे. परांचीवर चढणारी पंधरा-सोळा मुलं आहेत, सगळी पश्चिम बंगालमधल्या माल्दा आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांतली. तळघरात पंपाच्या खोलीशेजारी त्यांची झोपायची सोय केली आहे. शनिवारी हातात पैसे पडले की रात्री ती गायला बसतात. वाजवायला रंगाचा रिकामा डबा. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो, हे खरं आहे.

तक्रार करणारे गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांचे वडील आणि माझे वडील एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते. ‘‘कुठंतरी शिस्त लागली पाहिजे,’’ ते म्हणाले. दुसऱ्या एकाने पुरवणी जोडली, ‘‘ही पोरं नक्की बंगालचीच ना? कागद बघून घ्या एकदा.’’ आणि एक बाई अगदी कळवळून म्हणाल्या, ‘‘अहो, आपली संस्कृती काय, यांची काय!’’

मी मागच्या रांगेत होतो. बोलायला उठलो, पण नीट बोलता आलं नाही. कादंबऱ्या लिहिणारा माणूस सभेत हमखास गडबडतो. त्याला खोडायला आणि पुन्हा लिहायला कागद लागतो. तिथे जे जमलं नाही ते इथे मांडतो आहे.

आमची ही बावीस मजली इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी आमची चाळ होती. परळची, तीन मजली, लाकडी जिन्यांची. आज सोसायटीत जे अर्धेअधिक सभासद आहेत ते त्या चाळीच्या भाडेकरूंची मुलं आणि नातवंडं. त्या चाळीत मी जन्मलो, पण माझ्याआधी आठ वर्षं तिथे माझे वडील राहत होते, आणि त्यांची राहण्याची रीत निराळी होती.

बाबा १९५१ साली आले. कणकवलीजवळच्या गावातून देवगडला चालत-बैलगाडीने, तिथून बोटीने भाऊच्या धक्क्यावर. वय एकोणीस. गावचा एक जण गिरणीच्या साचेखात्यात होता. त्याने जॉबरला सांगून बदलीवर लावून घेतलं आणि रात्री गावाच्या गाळ्यात आणून सोडलं. ज्यांनी गाळा पाहिला नाही त्यांना कसं सांगावं? दहा बाय पंधराची खोली. भाडेपट्टी एकाच्या नावावर, राहणारी माणसं चोवीस, सगळी एका गावची. दिवसपाळीची माणसं भोंगा झाल्यावर बाहेर पडली की रातपाळीची आत येऊन त्याच जागेवर आडवी होत. प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. खुंटीवर सदरा, छत्री, गिरणीचा पास. जेवायला समोरच्या खानावळीत. पगाराच्या दिवशी हिशेब. खिडकीच्या वर आणखी एक खुंटी होती, ती कोणाच्याच नावाची नव्हती. तिच्यावर मृदंग.

हा मृदंग गावाहून आलेला नव्हता. चोवीस जणांनी दरमहा चार-चार आणे बाजूला टाकून तो लालबागला विकत घेतला होता. गावात देवळात एक होता, पण त्याला हात लावायचा मान ठरलेल्या घराण्याचा. इथे मान वर्गणीचा! बाबांच्या घरात सात पिढ्यांत कोणी मृदंगाला हात लावला नव्हता. ते मुंबईत शिकले. शिकवणारा त्याच गाळ्यातला एक म्हातारा मुकादम. गुरुवारी आणि शनिवारी भजन. जिन्यापलीकडे दुसऱ्या गावाचा गाळा होता. त्यांचंही भजन त्याच वारी. मग एका बाजूने गजर सुरू झाला की दुसऱ्या बाजूने त्याहून चढा. त्यातून बुवा-बुवांची जुगलबंदी, सवाल-जबाब, रात्र-रात्र चालणाऱ्या डबलबाऱ्या. गावी ही दोन गावं वर्षातून एकदा जत्रेला भेटायची. इथे त्यांच्यात फक्त एक जिना. आणि त्याच चाळीच्या तळमजल्यावर घाटावरच्या मंडळींची खोली, तिथे तुणतुणं आणि डफ. तीही ऐकू येणारच की! बाबांच्या भजनात पुढे एक चाल होती, तिच्या ठेक्यात मला नेहमी लावणीची कमान दिसे. मी विचारलं तर म्हणत, ‘‘भिंत पातळ होती रे.’’

मुंबईच्या संस्कृतीविषयी जे काही मोठं मोठं लिहिलं-बोललं जातं त्यापेक्षा मला बाबांचं हे वाक्य जास्त पटतं. खेड्यात माणूस आपलं गाणं गातो कारण दुसरं कानावर पडलेलं नसतं. शहरात तो तेच गाणं गातो कारण भिंतीपलीकडे दुसरं चालू असतं. त्यात ईर्षा असते, आठवण असते, आणि थोडी उसनवारीही.

शहरात नुसती माणसं वाढली म्हणून हे होत नाही. मुंबई ही तर मुळातच आलेल्यांची. दावरशेटनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला आणि त्यानंतर रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून, पुढे उत्तर हिंदुस्थानातून आणि तेलंगणातून माणसांची रीघ लागली. १९२१ च्या जनगणनेत या शहरातल्या शंभर माणसांपैकी ऐंशीहून जास्त शहराबाहेर जन्मलेली होती, आणि हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे निम्म्या पुरुषांची घरं दुसरीकडे कुठेतरी होती. हा आकडा मी बँकेतल्या माणसाच्या सवयीने देतो आहे. पण गाळ्यातल्या त्या खुंटीकडे पाहिलं की आकड्याचा अर्थ लागतो. दहा तास साच्यापुढे उभा राहून आलेला माणूस. घर नाही, बायको नाही, पोर नाही. झोपायची पाळी यायला अजून चार तास. तो गाणार नाही तर काय करणार? (दुसरं काय करणार, त्याचीही दुकानं मुंबईत होती, पण त्यांना पैसे लागत आणि भजनाला फक्त गळा.)

कोकणच्या माणसांचा जसा गाळा, तसा गोव्याच्या ख्रिस्ती माणसांचा कूड. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावचे कूड होते. काही अजूनही आहेत. बोटीवर नोकरी करणारा खलाशी, स्वयंपाकी, बँडवाला तिथे उतरायचा. भाडं नाममात्र. एक ट्रंक, जमिनीवर पथारी, भिंतीशी गावच्या देवळाच्या संताचं छोटं आल्तार आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझारी. आज कोकणी माणूस ज्याला जीव लावतो तो तियात्र गोव्यात नव्हे, मुंबईत जन्मला. आसगावचे लुकाझिन रिबेर नोकरीसाठी मुंबईत आले, इथे आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीत लागले, आणि कंपनी परत निघाली तेव्हा त्यांनी तिचे जुने पोशाख विकत घेतले. त्या पोशाखांतून १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ उभा राहिला. गोव्याचा माणूस, इटलीचे उतरलेले कपडे, भाषा कोकणी आणि गाव मुंबई! मला तर हे सगळं एखाद्या कादंबरीकाराने मुद्दाम जुळवल्यासारखं वाटतं.

याच गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवत. ती वाचता येणारे वादक नोकरीसाठी मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक व्हायोलिनवादक. प्यारेलाल त्यांचे शिष्य, राहुल देव बर्मनही. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या नायकाला जे नाव मिळालं ते शिष्याने गुरूला केलेलं वंदन होतं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने हॉटेलांत ट्रंपेट वाजवत, आणि पुणतांब्याहून आलेल्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’साठी १९५१ मध्ये त्यांना बरोबर घेतलं. ती गाणी ऐकून आमच्या चाळीतली गंभीर माणसंही गणपतीपुढे नाचत. त्यातला ठेका कुठला आणि ट्रंपेट कुठला, हे कुणी विचारत नव्हतं.

भेंडीबाजारचंही तसंच. मुरादाबादकडून छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे येऊन राहिले, आणि एका गजबजलेल्या बाजाराचं नाव शास्त्रीय संगीतातल्या एका घराण्याला मिळालं. त्या घराण्याच्या मोठ्या गायिका अंजनीबाई मालपेकर मूळच्या गोव्यातल्या मालपे गावच्या. मुरादाबाद आणि मालपे यांची गाठ पडायला दुसरी जागा कुठली होती?

पण माझं मन पुन्हा गिरणगावातच येतं. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे अकरा-बारा वर्षांचे असताना वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. मिळेल ते काम केलं, गिरणीत झाडूवाला म्हणूनही राबले. शाळा जवळजवळ नाहीच. अक्षरं शहराच्या रस्त्यावर पक्की झाली. १९४४ मध्ये त्यांनी बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. गावाकडचा तमाशा त्यांनी कामगार मैदानावर आणला, गण-गवळणीची मोडणी बदलली, आणि त्यातून आजचं लोकनाट्य घडलं. बायकोला गावी सोडून मुंबईला आलेल्या माणसाची त्यांची छक्कड सगळ्यांना ठाऊक आहे. गाळ्यातल्या प्रत्येक माणसाचं ते खासगी दुखणं. अण्णाभाऊंनी त्या ताटातुटीत संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न गुंफला आणि हजारोंच्या सभा त्यावर डोलल्या. नारायण सुर्वे याच वस्तीत एका गिरणी कामगाराच्या घरात वाढले. नामदेव ढसाळ पुणे जिल्ह्यातल्या खेड्यातून लहानपणी आले आणि १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ने मराठी कवितेची भाषा मुळापासून हलवली. राजापूर तालुक्यातून आलेल्या गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे पाच हजारांवर प्रयोग केले. तोवर मालवणी ही गड्याच्या तोंडी घालायची, हशा वसूल करायची बोली होती. आमच्या आईने जन्मात पाहिलेलं ते पहिलं नाटक. मध्यंतरात ती म्हणाली, ‘‘हे तर आमचेच लोक!’’

आईचं नाव निघालं म्हणून सांगतो. स्थलांतराने शहर समृद्ध होतं, हे वाक्य मला आवडत असलं तरी ते नेहमी शहराच्या बाजूने बोललेलं वाक्य असतं. बाबांचं लग्न १९५३ मध्ये झालं. आई मुंबईला आली १९५८ मध्ये, चाळीतली एक खोली मिळाली तेव्हा. मधली पाच वर्षं ती गावी सासूबरोबर शेत, गुरं आणि दरमहाची मनीऑर्डर सांभाळत होती. बाबा गाळ्यातल्या भजनांच्या गोष्टी रंगात येऊन सांगू लागले की ती भाकरी थापता थापता म्हणे, ‘‘तुमका थंय भजनां गावली, माका हंय गोठो गावलो.’’ बाबा गप्प होत. मीही या वाक्यापुढे अजून गप्पच होतो. मुंबईच्या प्रत्येक फडाचा, प्रत्येक कलापथकाचा खर्च कुठेतरी एका बाईच्या नावावर टाकलेला आहे, आणि तिच्या पासबुकात तो परत जमा झाल्याची नोंद मला कुठे सापडलेली नाही. तसंच कोळ्यांचं. ज्यांच्या कोळीवाड्यांवर हे सगळं शहर येऊन बसलं, त्यांना आपण २६ जानेवारीच्या चित्ररथावर नाचवतो आणि मासे सुकवायची त्यांची जागा मात्र दर दहा वर्षांनी वीतभर कमी करतो.

आता एक कबुली. मी १९८१ साली बँकेत कारकून म्हणून लागलो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर, त्यांत बाबा. संप रीतसर कधी मिटलाच नाही, माणसं मिटत गेली. १९८६ मध्ये मी अधिकारी झालो आणि लालबागजवळच्याच एका शाखेत मला कर्ज विभाग मिळाला. एका दुपारी चार माणसं आली. संगमेश्वर तालुक्यातली, त्यांच्या वाडीचं नमन मंडळ होतं. दोघांच्या गिरण्या बंद पडलेल्या, एक रखवालदार, एक बदलीवर. त्यांना चार हजार रुपये हवे होते : पडदा, राधेची आणि गौळणींची वस्त्रं, संकासुराचा पोशाख आणि एक पेटी. मुंबईत दहा-बारा प्रयोग लावायचे, शिमग्याला गावी जायचं, तिकिटाच्या पैशातून दोन वर्षांत फेड. हिशेब एका वहीच्या पानावर नीट मांडून आणला होता.

दुर्बळ घटकांसाठी तेव्हा चार टक्के व्याजाची योजना होती. चार हजार त्यात बसत होते. अर्जातल्या ‘कर्जाचा हेतू’ या रकान्यात थोडी शब्दांची जुळवाजुळव केली असती तर नियमालाही बाध आला नसता. शिवणयंत्राला आणि भाजीच्या गाडीला मी ती करतच होतो. इथे केली नाही. ‘उत्पादक हेतू नाही’ असा शेरा मारला आणि अर्ज परत केला. कारण स्वतःलाही सांगायला लाज वाटावी असं. मी नवा अधिकारी, त्याच वस्तीतला, संपवाल्याचा मुलगा. हा आपल्या लोकांना वाटतो, असं वरिष्ठांनी म्हणू नये. ती चार माणसं ‘‘ऱ्हाऊ द्या सायेब’’ म्हणून उठली. चहा पाजायचंही मला सुचलं नाही.

महिन्याभराने आमच्या शाखेची एक जुनी खातेदार हप्ता भरायला आली. साताऱ्याकडची, खानावळ चालवणारी. अशा खानावळवाल्या बायकांना पूर्वी सावकाराशिवाय कोणी दारात उभं करत नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची दारं उघडून दिली आणि मग आमच्यासारख्या शाखांनाही त्यांची सवय झाली. ही बाई हप्ता कधी चुकवत नसे. पावती घेताना ती सहज म्हणाली, ‘‘सायब, तुमचंच पैसं दिलंया त्या नमनवाल्यास्नी. माज्याकडंच जेवत्यात, पळून जात्यात कुठं?’’ म्हणजे बँकेचा पैसा शेवटी पोचला तिथेच. फक्त जोखीम बँकेची राहिली नाही, त्या बाईची झाली.

पुढे परळच्या दामोदर नाट्यगृहात मी त्यांचा प्रयोग पाहिला. कामगार रंगभूमीचं हे थिएटर १९२२ सालचं. भजन, नमन, दशावतार, शक्तीतुरा, स्पर्धेची नाटकं, काय काय तिथे झालं! २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी ते बंद झालं. त्या रात्री मी मुद्दाम मागे उभा राहिलो होतो. संकासुर आला, कमरेतून लवून त्याने प्रेक्षकांकडे पाहिलं आणि म्हणाला, राधेस वस्त्र आणाया बँकेत ग्येलो, तर सायबान इचारल्यान, राधेस जामीन कोन? सारं थिएटर हसलं. मीही हसलो, दुसरं काय करणार! फेड दोन नव्हे, तीन वर्षांनी झाली. शेवटचे चारशे त्या बाईने सोडून दिले, असं नंतर कळलं.

ही गोष्ट सांगायचं कारण वेगळं आहे. शहरात येणाऱ्याजवळ कला असते, हे आपण मानतो. पण ती टिकायला काय लागतं? फार नाही लागत. परवडणारी एक खोली, आठवड्यातली एक मोकळी रात्र, उधार जेवू घालणारं कोणीतरी, आणि ‘हे काय चाललंय?’ असं न विचारणारा शेजारी. मुंबईने हे सगळं कुणावर उपकार म्हणून दिलं नव्हतं. गिरण्यांना स्वस्त मजूर हवे होते, मजुरांना स्वस्त जागा हव्या होत्या, आणि त्या दाटीतून हे उगवलं. संपानंतर गिरण्या गेल्या, गाळे गेले, खानावळी मोजक्या उरल्या. भजनी मंडळं विरार, नालासोपारा, दिव्याकडे सरकली आणि तिथे ती जोमात आहेत, हेही सांगितलं पाहिजे. मात्र ज्या शहराच्या मध्यावर चार प्रांतांची गाणी एकमेकांच्या कानी पडत, तिथे आता प्रत्येक घराला ध्वनिरोधक काचा आहेत. आमच्याही आहेत. भिंती जाड झाल्या.

आणि मराठीचं काय, हा प्रश्न मला टाळायचा नाही. मुंबईत मराठीची जागा आकसते आहे ही भीती खोटी नाही. बँकेच्या काउंटरवर मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला हिंदीत उत्तर मिळताना मी पाहिलं आहे आणि मला राग आला आहे. माझं स्वतःचं पोट मराठीवर आहे, निदान पेन्शन सोडून उरलेलं. पण हा राग कुणावर काढायचा? मराठी दुकानातून, कचेरीतून, शाळेतून बाहेर पडली ती ज्यांच्या निर्णयांनी, त्यांतला एकही जण परांचीवर चढत नाही. आपल्याच मुलांना आपण कुठल्या शाळेत घातलं, हे आमच्या सभेत कोणी विचारलं असतं तर सभा पाच मिनिटांत संपली असती. मराठीला खरी भर घातली ती वाटेगावच्या, कणकवलीच्या, संगमेश्वरच्या बोलींनी, आणि त्या बोलणाऱ्यांनाही त्यांच्या काळी दादर-गिरगावच्या सुशिक्षितांनी ‘ही काय भाषा!’ असंच म्हटलं होतं.

सभेनंतरच्या शनिवारी मी तळघरात उतरलो. पंपाच्या खोलीबाहेर पथाऱ्या, भिंतीला ठोकलेल्या खिळ्यांवर शर्ट. एक विशी-बाविशीतला पोरगा पुढे आला आणि म्हणाला, ‘‘काकू, बैठिये.’’ मी चमकलो. बंगालीत काकू म्हणजे काका, हे मागाहून कळलं. मी विचारलं, गाता ते काय? म्हणाला, आलकाप. मग त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं : मुर्शिदाबाद-माल्द्याकडचा खेळ, रात्रभर चालतो, गाणं असतं, मधून सोंग असतं, गावातल्या बड्या लोकांची टिंगल असते, आणि मुलगा बाईचा वेश घेऊन नाचतो, त्याला छोकरा म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे नाच्या म्हणतात. त्याला ते फार आवडलं. त्याने दोनदा तो शब्द घोकला.

आलकाप हे नाव मी ऐकलेलं होतं. बंगाली कादंबरीकार सय्यद मुस्तफा सिराज तरुणपणी मुर्शिदाबादमध्ये आलकापच्या फडात होते. मग ते कलकत्त्याला येऊन वर्तमानपत्रात लागले आणि त्या फडाच्या जगावर त्यांनी कादंबरी लिहिली, ‘मायामृदंग’. पुढे १९९४ मध्ये त्यांना दुसऱ्या एका कादंबरीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे मी ज्याला माझ्या धंद्यातला थोर माणूस मानतो, तो जिथून आला तेच आमच्या पंपाच्या खोलीशेजारी डब्यावर वाजत होतं, आणि ते मला कळायला चार महिने लागले.

सभेतला ठराव मंजूर झाला आहे. एकतीस विरुद्ध एकोणीस. रात्री नऊनंतर आवारात गाणं-वाजवणं बंद. एकोणीस मतं मिळाली याचंच मला आश्चर्य वाटलं. तक्रार करणाऱ्या गृहस्थांचं मत त्या एकोणिसांत नव्हतं, पण त्यांच्या म्हाताऱ्या आईने चाकाच्या खुर्चीतून हात वर केला होता. ती आमच्याच गाळ्यासमोरच्या खोलीत नांदायला आली होती. आता मुलं शनिवारी साडेसातलाच सुरू करतात, नऊला थांबतात.

मृदंग माझ्याकडे आहे. गाळा मोडला तेव्हा तो बाबांकडे आला, आणि चाळ पाडताना मी तो गोधडीत गुंडाळून संक्रमण शिबिरात नेला होता. माळ्यावरून काढून तळघरात नेला. त्या पोराने मांडी घालून तो पुढ्यात घेतला, दोन्ही बाजूंनी बोटं टेकवली आणि मान हलवली. शाई उडाली होती, वाद्या सैल पडल्या होत्या, एका पुडीला बारीक चीर होती. लालबागच्या एका दुकानात मी तो भरायला टाकला. दुकानदार म्हणाला, चामडं यायचंय, तीन आठवडे लागतील. आमच्या इमारतीचं रंगकाम महिनाअखेर संपतं आहे. मुलं पुढे कुठे जाणार ते मुकादमालाच ठाऊक नाही; पनवेलकडे एक मोठं काम निघालं आहे म्हणे. त्या पोराचा फोन नंबर मी लिहून घेतला आहे.